काचेवरचे कुंकू

जिल्हा न्यायालयात मी एकेचाळीस वर्षे वकिली केली. त्या काळात ‘असे म्हणतात’ या दोन शब्दांना मी जितक्या हरकती घेतल्या, तितक्या दुसऱ्या कशालाही घेतल्या नसतील. कोण म्हणते? केव्हा म्हणाले? तुम्ही स्वतः ऐकले काय? एवढ्या तीन प्रश्नांवर भले भले साक्षीदार घाम पुसू लागत. आणि माझ्या स्वतःच्या घरात, उज्जैनच्या माधव नगरातल्या आमच्या बैठकीच्या खोलीत, एक अख्खी बाई ‘असे म्हणतात’ एवढ्याच खिळ्यावर टांगलेली आहे, हे माझ्या ध्यानात यायला मला सत्तरी ओलांडावी लागली.

ती बाई म्हणजे एक फ्रेंच तसबीर. लांबट गोल चौकट, तिचा सोनेरी मुलामा बराचसा उडालेला. आत कागदावर रंगीत खडूंनी काढलेली, कुण्या सरदारघराण्यातली तरुण स्त्री. केसांवर राखेसारखी पांढरी पूड, गळ्यात आवळून बांधलेली निळी फीत, खांद्यावर जाळीची झालर, आणि उजव्या हातात घडी केलेले एक पत्र. पत्र अजून उघडलेले नाही. ती ते आता उघडणार आहे, की उघडायचेच नाही असे तिने ठरवले आहे, हे तिच्या चेहऱ्यावरून सांगता येत नाही. मी आयुष्यात हजारो पत्रे लिहिली. नगरपालिकेला, बँकेला, टपालखात्याला, वर्तमानपत्रांना. त्यांतली निम्मी तरी कुणी उघडली असतील की नाही, अशी शंका आली की मला नेहमी तिचा तो हात आठवे.

आमचे वडील रविवारी सकाळी आम्हा दोघा भावंडांना, म्हणजे मला आणि माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या अक्काला, तसबिरीसमोर स्टुलावर चढू देत. अट एकच असे, श्वास रोखून धरायचा.

“खडू आहे तो,” वडील म्हणत. “नुसता खडू. फुलपाखराच्या पंखावर पूड असते ना, तेवढाच त्याचा कागदाला आधार.”

मध्ये काच होती, तेव्हा आमच्या श्वासाने काही बिघडणार नव्हते. पण वडिलांची ती अट मला आजही योग्य वाटते. दोनशे वर्षांहून अधिक काळ एका बाईचा चेहरा कागदावर नुसता टेकून राहिला होता. बैलगाडीतून, पावसाळ्यांतून, जुन्या शहरातल्या भाड्याच्या घरांतून तो इथवर आला होता आणि तरी खाली गळून पडला नव्हता. या गोष्टीने माझ्या बालपणी मला जे स्तब्ध केले, त्यातून मी पुरता बाहेर कधी आलोच नाही. न्यायाधीशांसमोर मी आवाज चढवला आहे. तिच्यासमोर कधी नाही.

ती आमच्याकडे कशी आली, याची घरातली हकीकत अशी. आमचे मूळ पुरुष मराठी सरकारच्या फौजेत, फिरंगी पलटणीच्या दफ्तरात कारकून होते. त्यांचा अंमलदार फ्रेंच, मोठ्या घरचा. एका मोहिमेवर निघताना त्याने ही तसबीर त्यांच्या हाती दिली आणि म्हणाला, ‘ही माझी बायको. मी परत येईपर्यंत सांभाळा.’ तो परत आला नाही. ती राहिली.

कायद्याच्या भाषेत ही अमानत झाली. अमानतदार कितीही वर्षे लोटली तरी मालक होत नाही, आणि ठेवलेली वस्तू त्याने आपल्या स्वतःच्या वस्तूइतक्याच काळजीने जपायची असते. आमच्या घराण्याने ही शर्त अशी काही पाळली, की पाळता पाळता त्या बाईला घरचीच करून टाकले.

पितृपक्षातल्या नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या घरातल्या बायकांचे करतात. ती अविधवा नवमी. त्यांच्या नावाने एका सवाष्णीला जेवू घालायचे, तिची ओटी भरायची, तिला कुंकू लावायचे. आमच्या घरातल्या कुण्या जुन्या बाईच्या मनात आले असणार, की हिचा देश सात समुद्रांपलीकडे, हिचे करणार कोण? ती सवाष्ण कशावरून, हा प्रश्न तेव्हाही निघाला असावा, कारण त्याचे उत्तर आमच्या आईला तोंडपाठ होते. साहेब मेल्याची बातमी कधी आली नाही, सबब त्याची बायको सवाष्ण. याहून पक्का युक्तिवाद मी स्वतः क्वचितच केला असेन.

तेव्हापासून नवमीला तिच्या नावाचा घास निघू लागला आणि काचेवर, बरोबर तिच्या कपाळाच्या जागी, कुंकवाचे बोट टेकू लागले. आधी मेण, मग कुंकू, जुन्या पद्धतीने. सवाष्णीचे कुंकू पुसायचे नसते. त्यामुळे बाकीची काच दर दिवाळीला लख्ख होई, पण तेवढी जागा कुणी पुसली नाही. जुन्यावर नवे बसत गेले. माझ्या आठवणीतच तो टिळा चांगला चिंचोक्याएवढा जाड झाला होता.

आता अक्काविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्याशी निगडित आहे.

अक्का चोविसाव्या वर्षी विधवा झाली आणि माहेरी आली. तिचे यजमान रेल्वेत होते. वर्षभराने वडीलही गेले. त्या वर्षी नवमी आली तेव्हा घरात दोन विधवा आणि सतरा वर्षांचा मी. तसबिरीला कुंकू लावणार कोण? विधवेने दुसरीच्या कपाळाला कुंकवाचे बोट लावायचे नाही, हा तेव्हाचा नियम होता, आणि तो मोडायची आमच्या आईची छाती नव्हती. पण तिच्यापाशी अक्कल होती. ती करंडा हातात घेऊन तसबिरीसमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग अक्काला म्हणाली, “ही फिरंगी. हिला कसला आलाय विटाळ? तू लाव.”

अक्काने लावले. त्यानंतर दर नवमीला तिनेच लावले. पुढे माझे लग्न झाले. माझ्या पत्नीने पहिल्याच नवमीला अक्काच्याच हातात करंडा दिला आणि सांगितले, “हे अक्कांचंच.” पत्नी माझ्या आधी गेली, आता तिचेही त्याच नवमीला असते. अक्का मुलींच्या शाळेत तीस वर्षे गणित शिकवत होती, निम्म्या उज्जैनच्या बायका तिला रस्त्यात वाकून नमस्कार करतात. पण या छप्पन्न वर्षांत जिला तिने कुंकू लावले अशी जगात एकच बाई होती. ती काचेच्या आड होती.

एकदा चौकटीचा खिळा सैल झाला म्हणून आम्ही दोघे तसबीर भैरवगढी छापाच्या चादरीत गुंडाळून रिक्षाने फ्रीगंजच्या बाजारात नेली होती. चौकटवाल्याने चादर उलगडली, ‘वाह’ म्हणाला, आणि सवयीने खांद्यावरचे फडके ओढून काचेवर ठेवले.

अक्का ओरडली. वर्गात ओरडत असे तशी. “ए भैया! हाथ हटाओ!”

“माताजी, धूल साफ कर रहा हूँ.”

“धूल करो. वो मत छूना.”

त्याने त्या लाल ढिगाकडे पाहिले, मग अक्काच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिले, आणि टिळ्याच्या कडेकडेने काच पुसू लागला. फार अदबीने पुसली. त्या माणसाविषयी मला अजून आदर आहे.

मग गेल्या वर्षी, श्रावणात, माझ्या मुलीचा पुण्याहून फोन आला. संगणकावर काहीबाही शोधताना तिला फ्रान्समधल्या एका संग्रहालयातले तैलचित्र सापडले होते. “बाबा, आपली बाई!” एवढेच ती म्हणाली. तिने पाठवलेली छबी मी पाहिली आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिली. तोच चेहरा, तीच निळी फीत, तेच न उघडलेले पत्र. आमचीच बाई, पण तेलरंगांत, लाल-गुलाबी, एखादी रक्तामांसाची बाई असावी तशी. खाली पाटीवर एका काउंटच्या पत्नीचे नाव, आणि नावापुढे शब्द होते, ‘असे समजले जाते’.

समजले जाते! कोण समजते? मी त्याच दुपारी संग्रहालयाला इंग्रजीत पत्र लिहिले. सात कलमे. आमच्या अमानतीचा इतिहास, तसबिरीची छायाचित्रे, आणि शेवटच्या कलमात स्पष्ट मागणी: सदर स्त्रीची ओळख कोणत्या पुराव्यावर ठरवली, तो पुरावा सादर करावा, नसल्यास पाटी उतरवावी.

उत्तर आले. मला वाटले होते त्याहून लवकर आले, आणि फार सभ्य भाषेत. तिथल्या बाईंनी लिहिले होते की त्या घरात दोन बहिणी होत्या, चेहरे बरेच सारखे. धाकटीचे लग्न एका तरुण काउंटशी झाले. तो सैन्यात होता व पुढे पूर्वेकडे गेला असे दिसते. ती लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारली, नवरा हयात असताना. थोरली मात्र तरुणपणीच विधवा झाली आणि पुष्कळ जगली. चित्र दोघींपैकी कुणाचे, याबद्दल जाणकारांत एकमत नाही. धाकटीचे असावे असा अधिक कल आहे. आपल्या तसबिरीच्या पाठीमागे काही लिहिलेले आहे काय? चौकट कधी उघडली आहे काय?

मी हे पत्र अक्काला मराठीत करून वाचून दाखवले. ती मेथी निवडत होती. थोरलीच्या मजकुरापाशी तिचे हात थांबले.

“परत वाच,” ती म्हणाली.

मी वाचले.

“म्हणजे ही एक तर सवाष्ण गेली, नाही तर जन्मभर विधवा राहिली.”

“कल धाकटीकडे आहे असं त्या—”

“कल नको सांगू मला. कल बाजारात असतो.” तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली. “मी तिला छप्पन्न वर्षं कुंकू लावतेय रे. नवमीच्या आत मला सांग. लावू की नको?”

“अक्का, अंमलदारानं स्वतः सांगितलं होतं, माझी बायको म्हणून. मग मेहुणीची तसबीर कशाला आणेल तो?”

“तू ऐकलंस का ते सांगताना?”

माझाच प्रश्न. चाळीस वर्षे मी लोकांना विचारलेला.

“माणसं परदेशी जाताना काय काय बरोबर नेतात, ते वकिलांना नाही कळत,” अक्का म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडू लागली. पण तिची पाने मोडली जात होती, हे मला दिसले. ती पान मोडणारी बाई नव्हे.

मला तेव्हा वाटले, की आपण छप्पन्न वर्षे एका विधवेला कुंकू लावत आलो या भीतीने ती अस्वस्थ झाली आहे. माझी चूक पुढे मला कळली.

इंदूरला जुनी चित्रे दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत, असे कळल्यावर मी त्यांनाही पत्र लिहिले. त्या आल्या. पंचेचाळिशीच्या असाव्यात. सुती कुडता, कापलेले केस, गळ्यात चष्म्याची दोरी, कपाळ कोरे. त्यांनी मला काका म्हटले, अक्काला अक्काच म्हटले, पाणी प्यायल्या आणि तसबिरीसमोर उभ्या राहिल्या. मी पाहिले, त्यांनीही श्वास रोखला होता.

“पेस्टल आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “और इतने अच्छे हाल में! काका, हिला कुणी धक्का नाही लागू दिला. दोनशे वर्षं?”

“त्याहून जास्त,” मी म्हणालो. “अमानत आहे.”

चौकट उघडायची तर एक अडचण होती. काच हलली की त्या वाळलेल्या टिळ्याचे कण आत, चेहऱ्यावर सांडले असते. खडूवर सांडलेले कुंकू परत काढता येत नाही. “पहिले हे काढावं लागेल,” त्या म्हणाल्या आणि पिशवीतून कापसाचे बोळे, एक बारीक सुरी आणि काचेची बाटली काढून टेबलावर मांडली. मग आमच्या दोघांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांच्या ध्यानात आले. “ओ,” त्या म्हणाल्या, आणि खुर्चीत टेकून बसल्या.

मी देवभोळा माणूस नव्हे. पण ते कुंकू पुसायला माझा हात उठेना, आणि त्यांना ‘पुसा’ असे म्हणायला माझी जीभही उठेना. शेवटी अक्का उठली.

“सुरी द्या इकडे.”

“अक्का, मी काढते ना. आपण बसा.”

“नाही. ज्याला ठाऊक आहे त्यानं पुसावं.”

हे तिने कसल्याही आवेशाशिवाय म्हटले. तिचे कुंकू पुसले गेले तो दिवस मी पाहिला आहे. मी सोळा वर्षांचा होतो आणि दाराआड उभा होतो. ते कुणी पुसले, कसे पुसले, हे मी इथे लिहिणार नाही. एवढेच लिहितो, की पुसणाऱ्या बाईला घाई होती.

अक्काला घाई नव्हती. तिने टिळ्याच्या कडेखाली सुरीचे टोक सरकवले आणि पापुद्रा पापुद्रा करून तो वेगळा करू लागली. इंदूरच्या बाईंनी खाली कागद धरला होता. वरचा थर बाजारी, भडक. त्याखाली जरा दबलेला, विटकरी. “हे तिचं लग्न झालं तेव्हाच्या वर्षांतलं,” अक्का माझ्या पत्नीविषयी म्हणाली. “तेव्हा ती घरी हळदीचं करायची.” त्याच्या खाली मेण लागले, काळपट, आणि मेणात रुतलेले कुंकू. तिथे अक्का थांबली. “हे आईचं.” मग आणखी खालचे, ज्यांची नावे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हती अशा बायकांचे. सगळे कण तिने आईच्या जुन्या करंड्यात भरून ठेवले. शेवटी कापसाच्या बोळ्याने काच पुसली.

मग इंदूरच्या बाईंनी पाठीमागचे खिळे काढले, काच उचलली, आणि मी जन्मात पहिल्यांदा तिला काचेवाचून पाहिले.

आम्ही तिला नेहमी गोरी म्हणत असू. पांढरीफटक, हस्तिदंती. तसबीर वडिलांनी पश्चिमेच्या खिडकीसमोर लावली होती आणि त्याआधीही ती कुठे कुठे उन्हात असणार. तो फटफटीतपणा आम्ही तिच्या देशाचा समजत होतो. पण आता, भुवयांच्या मधोमध, जिथे कुंकवाचा टिळा काचेवर बसला होता बरोबर त्याखाली, एक रुपयाएवढी गोल जागा होती आणि ती जागा गुलाबी होती. जिवंत गुलाबी. जणू आत्ता, या क्षणी तिथे रक्त चढले आहे. तिच्या कडा विरत विरत बाकीच्या फिक्या कपाळात मिसळत होत्या.

“अरे बाप रे,” इंदूरच्या बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. “काका, हा गुलाबी रंग उजेडात टिकत नाही. सगळीकडून उडालाय. फक्त इथे राहिला, कुंकवाच्या सावलीत. ये उसका असली रंग है.”

मला माझ्या सात कलमांची लाज वाटली. तिची खरी कातडी जगात जेवढी शिल्लक होती, तेवढी आमच्या घरातल्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या बायकांच्या बोटांखाली शिल्लक होती. त्यांनी ती जपण्यासाठी जपली नव्हती. त्या केवळ, ज्या बाईचे करायला कुणी नाही तिचे करत होत्या.

“म्हणजे ही अशी होती,” अक्का कुजबुजली. “लाजली होती की काय रे?”

“चिडलीही असेल,” मी म्हणालो.

“तुला सगळे चिडलेलेच दिसतात.”

चौकटीच्या मागच्या फळीला, आतल्या बाजूने, कागदाचा एक चतकोर तुकडा चिकटवलेला होता. मोडी. जुन्या दस्तांच्या पायी मला मोडी वाचता येते. अक्षर आमच्या मूळ पुरुषांचे. त्यांची सही मी दुसऱ्या एका कागदावर पाहिली आहे. मी भिंगाने वाचू लागलो. अक्का माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

मजकूर असा होता: तसबीर एक, बाईची, काच शाबूत. साहेब मोहिमेहून येत तोवर जपून ठेवणे. बाई कोण, साहेबांची काय लागते, विचारले नाही. परस्त्रीविषयी चौकशी करणे अप्रशस्त.

मी दोनदा वाचले. मग माझा संताप असा उसळला की मी मोठ्यानेच बोललो. “कारकून होता! बैलांच्या झुली मोजून लिहिणारा माणूस! काच शाबूत आहे हे लिहिलं, आणि बाई कोण ते विचारलं नाही!”

“त्याला बरं नाही वाटलं विचारायला,” अक्का म्हणाली.

“बरं नाही वाटलं? एक शब्द विचारला असता तर आज—”

“तर आज काय? तूच विचारशील का, कुणाच्या खिशातल्या बाईबद्दल?”

साहेबाने ‘बायको’ म्हटल्याचा कुठेच उल्लेख नव्हता. तो शब्द आम्ही घातला होता. जपण्यासाठी दिली म्हणजे बायकोच असणार, असे कुण्या पिढीला वाटले, आणि पुढच्या पिढ्यांनी ते ऐकले. ऐकीव पुरावा, आणि तोही आमच्याच घरात तयार झालेला. धाकटी की थोरली, सवाष्ण की विधवा, हे आता कधीही कळणार नव्हते. मी अक्काला तसे सांगितले. निकाल ऐकवावा तसे, तिच्याकडे न पाहता.

“नवमीचं मी काही सांगू शकत नाही, अक्का. पुरावा नाही.”

ती गुलाबी ठिपक्याकडे पाहत होती. “ती थोरली निघावी असं मला वाटत होतं रे,” ती म्हणाली.

तेव्हा मला कळले की त्या दिवशी मेथीची पाने कशाने मोडली होती.

इंदूरच्या बाईंनी सांगितले, की आता नवी काच बसेल, उजेड अडवणारी, आणि तिच्यावर काहीही लावायचे नाही. मेण नाही, कुंकू नाही. अक्काने मान हलवली. तसबीर त्या घेऊन गेल्या. अमानतीची पावती मी त्यांच्याकडून दोन प्रतींत सही करून घेतली. त्या हसल्या, पण सही केली.

संग्रहालयाला मी पत्र लिहिले. या खेपेस कलमे दोनच. एक: तसबिरीतील स्त्री कोण, हे आम्हांस ठाऊक नाही, व आमच्या पूर्वजांनी सभ्यतेपोटी विचारले नाही. दोन: आपणही पाटीवर तसेच लिहावे; ‘समजले जाते’ यापेक्षा ‘विचारले नाही’ हे अधिक खरे आणि अधिक आदराचे आहे. उत्तर अद्याप नाही. स्मरणपत्र गेले आहे.

तसबीर परत आली ती नेमकी नवमीला, सकाळी दहाच्या सुमारास. मी मुद्दाम तो दिवस ठरवला नव्हता. इंदूरच्या बाईंना तोच सोयीचा होता. जेवायला शेजारच्या बँकेतल्या वहिनींना सांगितले होते, पण त्यांना अचानक देवासला जावे लागले. पान मांडलेले, पुरण झालेले, ओटीचा खण नारळावर ठेवलेला, आणि सवाष्ण नाही. खिळ्यावर तसबीर चढली. नव्या काचेआडून ती पूर्वीपेक्षा जवळ वाटत होती, आणि तिच्या कपाळावरचा तो गोल दारातूनही दिसत होता. अक्का करंडा हातात घेऊन तिच्यासमोर उभी राहिली. सवयीने. मग तिला आठवले, आणि तिने करंडा मिटला.

“आता चलते,” इंदूरच्या बाई म्हणाल्या.

“बसा,” अक्का म्हणाली. “जेवूनच जायचं.”

“नाही अक्का, आज तुमच्याकडे कार्य आहे…”

“म्हणूनच म्हणते. या पाटावर.”

मी घसा साफ केला. अविधवा नवमीचे पान कुणाला वाढायचे याला शास्त्र आहे, आणि या बाई विवाहित, अविवाहित, की आणखी काही, हे आम्हांला ठाऊक नव्हते. “अक्का, एक विचारून घेतलं असतं तर—”

“वकीलसाहेब,” ती माझ्याकडे वळून म्हणाली, “आपल्या मूळ पुरुषाला जेवढी अक्कल होती, तेवढी तरी दाखव.”

इंदूरच्या बाईंनी माझ्याकडे पाहिले, अक्काकडे पाहिले, मग चपला काढल्या आणि पाटावर जाऊन बसल्या. अक्का त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली. एक्याऐंशीव्या वर्षी तिला त्याचा त्रास होतो. तिने करंडा उघडला. वरचे ताजे कुंकू आणि खाली त्या सगळ्या जुन्या बायकांचे कण. तिने अंगठ्याशेजारचे बोट बुडवले आणि हात पुढे केला. मध्येच, कपाळापासून बोटभर अंतरावर, तो थांबला. काच लागायला हवी होती तिथे.

इंदूरच्या बाईंनी मान थोडी पुढे केली.

अक्काने बोट टेकवले, आणि दचकून मागे घेतले. ती आपल्या लाल बोटाकडे पाहत राहिली.

“गरम लागतं,” ती म्हणाली. “मी विसरलेच होते रे. कपाळ गरम असतं.”